ते

शनिवार पेठेतल्या पक्ष कार्यालयात
जिन्याच्या वळणावर तो बोर्ड :
आजवरचे शहराध्यक्ष.
वरची सहा नावं वडिलांच्या हातची,
नंतरची चार माझी.
एकसष्टच्या पुरात निखळला होता,
आठवड्याने सापडला ओंकारेश्वरापाशी,
चिखलात, पालथा.
नावं शाबूत.
वडील म्हणाले, सागवान आहे,
माणसांपेक्षा टिकेल.

प्रत्येक नावापुढे दोन सालं, मध्ये ‘ते’.
वैद्य गोळे, ५२ ते ५५.
विडीकामगारांचे सटवाजी केंगार, अकराच महिने,
त्यांच्या नावाचे वडिलांनी पैसे घेतले नाहीत.
शकुंतलाबाई थत्ते राजीनामा देऊन
तशाच जिन्यात थांबल्या :
पेंटर, माझं साल लिहून टाका,
उद्यावर नको.
रंग ओला असेपर्यंत उभ्या होत्या,
मग चप्पल घालून रिक्षा शोधत गेल्या.

दहावं नाव रंगराव आंबवणे.
१९८७ ते
आणि पुढे नुसतं लाकूड.

दर दसऱ्याला मी बोर्ड उतरवतो,
पुसतो, उडालेलं पांढरं भरतो.
अडतीस दसरे तो ‘ते’ गिरवला.
माझ्या मिशा पिकल्या,
त्यांच्या काळ्या झाल्या.
कार्यालयात त्यांचं नाव कुणी घेत नाही.
ते आले.
ते जेवतायत.
ते झोपलेत, हळू बोला.
मलाच कळेना,
मी गिरवतोय तो ‘पासून-पर्यंत’मधला ‘ते’
की ते स्वतः.

यंदा ठराव झाला.
हात वर करायलाही कुणाला सांगितलं नाही,
टाळ्यांवरच मंजूर.
चिटणीस गोसावी चिठ्ठी घेऊन खाली आला :
तहहयात.
‘ते’च्या पुढे लिहू?
छे छे, ‘ते’ खोडून.
म्हटलं, पाच अक्षरं, अक्षराला चाळीस.
दोन ‘ह’ शेजारी बसवताना घाम निघतो,
पण त्याचे जादा घेत नाही.

पत्र्याने ‘ते’ खरवडला.
अडतीस थरांचं सालपट हातात आलं,
म्हाताऱ्याच्या नखासारखं जाड.

संध्याकाळी ते बघायला उतरले,
दोघांनी दोन्ही दंड धरलेले.
नावाकडे पाहिलं नाही. खाली पाहिलं.
ही जागा कसली?
साहेब, बोर्डच तेवढा आहे.
पण मोकळी का?
जीभ चावीपर्यंत शब्द निघून गेला होता :
पुढच्यांसाठी.

जिन्यात फक्त मीटरचा आवाज.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला.
नावाखाली बोटभर राखून
आडवी करवत.
भुसा पायऱ्यांवर पडत राहिला,
येणारेजाणारे त्यावरून चालले.
वरून काळं पडलेलं ते लाकूड
आतून अजून पिवळं होतं,
आणि वास असा,
काल झाड पाडल्यासारखा.
तुकड्याचं काय करू, सुताराने विचारलं.
बंबात घाला, गोसावी म्हणाला.
सुताराने माझ्याकडे पाहिलं.
मी सायकल आणली.

आता तो गंज पेठेत, माझ्या दुकानात,
भिंतीला टेकून आहे.
दीड फूट बाय अडीच.
बायको म्हणते, फळी करा, कणकेचे डबे मावतील.
मावतील. ठेव तोवर.
पण त्याआधी अस्तराचे दोन हात दिलेत,
सुतळीला खडू लावून रेघ उठवलीय,
कारण अक्षरं रेघेला लटकतात,
आधी रेघ लागते.
नावाची जागा सोडलीय.
त्यापुढे दोन सालांची, सारख्या मापाची.
मध्ये ‘ते’.
तेवढा लिहून वाळवलाय.